माघ-फाल्गुनातल्या खुणा कशा टिपाव्यात

जानेवारीअखेरीपासून मार्च सरेपर्यंत शिशिर आणि वसंत एकाच झाडावर नांदत असतात. एका फांदीची पिकली पानं गळत असतात आणि शेजारचीला पालवी फुटलेली असते. त्यामुळे अख्ख्या झाडाकडे बघून फारसं हाती लागत नाही. एकेक फांदी धरावी.

रोजच्या वाटेवरची तीन झाडं पुरेत: पिंपळ, कडुनिंब आणि मिळाला तर पळस किंवा काटेसावर. बागेतलं रोज पाणी पिणारं झाड नको, त्याची पानगळ लांबते. प्रत्येक झाडाच्या, नजरेच्या टप्प्यातल्या, वेगवेगळ्या दिशांच्या तीन डहाळ्यांना लोकरीचा धागा सैल बांधा. तार किंवा घट्ट गाठ नको. डहाळी जाड होताना साल कापली जाते.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी बघा. पिकली पानं, पालवी, कळ्या, फुलं या प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘थोडं’ किंवा ‘पुष्कळ’ लिहा. सीझनवॉच या उपक्रमात लोक झाडांच्या नोंदी साधारण अशाच ठेवतात. ‘नाही’ लिहायचा कंटाळा हमखास येतो. पण ती जागा कोरी राहिली, तर फुलं नव्हती की तुम्ही फिरकलाच नाहीत, हे पुढच्या वर्षी कळणार नाही.

पिंपळ जवळून बघण्यासारखा. डहाळीच्या टोकाला निमुळती, टोकदार गुंडाळी दिसते. ती कळी नव्हे, कोवळ्या पानावरचं वेष्टन आहे. पान उलगडलं की हे वेष्टन गळतं आणि डहाळीवर बारीक वळ्यासारखी खूण उरते. अशा खुणा मोजल्या की किती पानं आली ते कळतं, मधली काही गळली असली तरी! नवी पानं तांबूस, लुसलुशीत आणि खाली लोंबणारी असतात. ती वाळत चालली आहेत असं वाटून ‘पिकली पानं’ या रकान्यात टाकणं ही नेहमीची चूक. बोटांनी चाचपा: कोवळं पान मऊ लागतं, पिकलेलं देठाशी सहज सुटतं.

काटेसावर आणि पळस निष्पर्ण फांद्यांवरच फुलतात. सावरीच्या कळ्या गोल, टणक. पळसाच्या काळपट तपकिरी, मखमली. फांद्या उंच असतील तर बुंध्याशी पडलेली फुलं बघा. सकाळी लवकर गेलात तर मधासाठी आलेल्या मैना आणि भोरड्याही भेटतील.

पाखरं आधी कानानं ओळखावीत. थंडीत गप्प असलेला तांबट एका लयीत ‘टुक् टुक्’ करू लागतो. कोकिळाचा चढत जाणारा ‘कुहूऽ’ नराचाच, मादी नुसती ‘किक् किक्’ करते. जांभळ्या शिंजिराच्या नराचा गळा मात्र डोळ्यांनी बघायचा. विणीबाहेरच्या दिवसांत पिवळट छातीवर मधोमध एकच काळसर पट्टा असतो; वीण जवळ आली की सगळं अंग चकाकत्या निळ्या-जांभळ्या रंगाचं होतं. अर्धामुर्धा रंग बदललेला नर दिसला तर तारीख जरूर लिहा.

थंडीपुरत्या पाहुण्या येणाऱ्या धोबी पक्ष्यांचं उलटं आहे. पहिल्यांदा दिसल्याची तारीख लिहिणं सोपं, शेवटची अवघड, कारण ती शेवटची होती हे नंतरच कळतं. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये धोबी जितक्या वेळा दिसेल तितक्या वेळा तारीख लिहायची.