स्पेनच्या व्हिसासाठी विवाह प्रमाणपत्राचं अपोस्टिल: माझा अनुभव

‘अपोस्टिल नाही’ एवढ्याच शेऱ्यावर बहिणीचं विवाह प्रमाणपत्र परत आलं. (अपोस्टिल म्हणजे कागदपत्र परदेशात ग्राह्य धरलं जावं म्हणून परराष्ट्र मंत्रालय त्यावर देतं ते प्रमाणन.) कोल्हापुरातल्या नोटरीचा शिक्का चालला नाही. थेट परराष्ट्र मंत्रालयाच्या एजन्सीकडे दिलं, तर राज्य शासनाचं साक्षांकन नाही म्हणून तिथूनही परत. जीव मेटाकुटीला आला.

जमलं ते या क्रमानं. महापालिकेतून निबंधकांच्या सही-शिक्क्याची मूळ प्रत घेतली (लॅमिनेशन मुळीच करू नका). ती आधी मुंबईत राज्य शासनाकडून साक्षांकित करून घेतली. मग अधिकृत एजन्सीमार्फत परराष्ट्र मंत्रालयाकडे. सरकारी शुल्क ५० रुपये, एजन्सीचं वेगळं. मागच्या बाजूला अपोस्टिलचा स्टिकर लागून आला की त्यावरचा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. शपथबद्ध भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर सगळ्यात शेवटी करा, कारण त्यात अपोस्टिलचा मजकूरही यावा लागतो.