चढ-उताराच्या वस्तीत मोबिलिटी स्कूटर चालवताना

मी विक्रोळीच्या पार्कसाईटमध्ये राहतो. टेकडीच्या अंगावरची वस्ती. घरातून निघालं की उतार, एलबीएस मार्गावरून परतताना चढ. तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. मणक्याच्या ऑपरेशननंतर पायांतली ताकद गेली आणि चार चाकांची, बॅटरीवर चालणारी मोबिलिटी स्कूटर घेतली. तीन वर्षं रोज चालवतो आहे. चढावर राहणाऱ्या ज्या कुणाच्या घरी अशी गाडी येणार असेल, त्याने पहिल्या दिवसाआधी हे वाचावं म्हणून लिहितो.

सगळ्यात आधी, थांबण्यासाठी मूठ उघडायला शिका. आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यभर सायकल नाहीतर स्कूटर चालवलेली असते. माझी बजाज चेतक होती. समोर काही आलं की उजव्या हाताची बोटं आपोआप आवळली जातात, कारण तिथे ब्रेक असतो. या गाडीवर बऱ्याचदा नेमका तिथेच पुढे जाण्याचा खटका असतो. आवळला की गाडी पळते. पहिल्याच महिन्यात उतरताना गल्लीतून एक रिक्षा मागे मागे बाहेर आली. मी घाबरून मूठ आवळली आणि गाडी थेट बाजूच्या रेतीच्या ढिगात गेली. रेती होती म्हणून गुडघ्यावर निभावलं.

आतली रचना समजली की भीती जाते. ब्रेक स्प्रिंगने दाबलेला असतो आणि करंट मिळाला तरच सुटतो. खटका सोडला की मोटर वेग उतरवते, गाडी थांबते आणि मग ब्रेक बसल्याचा ‘टक’ असा आवाज येतो. म्हणजे बॅटरी चढावर संपली तरी गाडी मागे घरंगळत नाही, जागेवर खिळते. सोडल्याक्षणी गाडी थांबत नाही, थोडी पुढे जाते. उतारावर जास्त जाते. ते अंतर आपल्या गाडीचं किती, हे सपाट जागी मोजा. मी नातवाला समोर उभं करून ‘थांबा आजोबा’ असं मध्येच ओरडायला सांगायचो आणि हात झटकन उघडायचो. आठवडाभर, रोज सकाळी, रस्ता रिकामा असताना. बोटांची जुनी सवय जायला तेवढा वेळ लागतोच.

चावी चालत्या गाडीत कधीही बंद करू नका. ब्रेक एकदम बसतो आणि माणूस हँडलवर आदळतो. पण उतरायच्या आधी मात्र चावी बंद झालीच पाहिजे. उठताना आपण हँडलचा आधार घेतो, तळवा खटक्यावर पडतो आणि गाडी उडी मारते. थांबा, ‘टक’ ऐका, चावी बंद करा, सीट फिरवून लॉक करा, मग पाय टेका.

आता चढ. डोळ्याने चढ मापू नका, डोळा फसवतो. मीटरभर लांबीची सरळ फळी, गवंडी वापरतात ती लेव्हल आणि टेप एवढं पुरतं. फळीचं एक टोक वरच्या बाजूला रस्त्यावर टेकवा, दुसरं टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचला आणि त्या टोकापासून सरळ खाली रस्त्यापर्यंतचं अंतर मोजा. ८ सेंटिमीटरच्या आसपास आलं तर तो अपंगांसाठीच्या रॅम्पचा चढ, म्हणजे १ फूट उंचीला १२ फूट लांबी. १०.५ आलं तर ६ अंश, १४ आलं तर ८ अंश. गाडीच्या पुस्तिकेत किती अंशांपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. त्याच्या वरचा चढ आपला नाही, मग मोटर कितीही ओढत असो. आमच्या बिल्डिंगच्या गेटचा उतार गाड्यांसाठी बांधलेला आहे, तो १९ सेंटिमीटर निघाला. मी तो वापरत नाही. बाजूच्या दाराला १५ सेंटिमीटरची एक पायरी होती, तिथे सोसायटीकडून १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प करून घेतला. आकडा कागदावर लिहून नेला म्हणून काम झालं. नुसतं ‘उतार करा’ म्हणालो असतो तर गवंड्याने दोन घमेली सिमेंट ओतून घसरगुंडी केली असती.

चढताना सरळ चढा, तिरपं जाऊ नका. अंग पुढे झुकवा. भाजीची पिशवी पाठीमागे सीटला अडकवू नका, पुढच्या टोपलीत ठेवा. मागे वजन वाढलं की पुढची चाकं हलकी होतात. अर्ध्यात थांबायची वेळ येऊ नये म्हणून खालीच थांबून वरचा रस्ता मोकळा आहे का बघा. उतरताना वेगाचं बटण कासवाच्या खुणेवर, पाठ सीटला टेकलेली. उतारावर वळसा घेणं सगळ्यात वाईट. गाडी आडवी होते आणि खालच्या बाजूला कलंडते. वळायचं असेल तर सपाट जागा येईपर्यंत जा, मग वळा. तीन चाकांची गाडी यात आणखी लवकर कलंडते, म्हणून टेकडीवर राहणाऱ्याने चार चाकांचीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. रस्त्याची कडा गटाराकडे झुकलेली असते, तिथे दोन चाकं खाली जातात. कडेपासून हातभर आत राहा.

मागच्या बाजूला फ्री-व्हीलचा एक खटका असतो, गाडी ढकलता यावी म्हणून. तो ओढला की ब्रेक उरतच नाही. एकदा मी चढावर थांबलो होतो, तर आमचा वॉचमन धावत आला, ‘काका, थांबा, मी ढकलतो’ म्हणत खटक्याला हात घालू लागला. मी ओरडलोच. त्याचा हेतू चांगला होता. मी त्या खटक्याला लाल रंग लावला आणि घरच्यांना, वॉचमनला, वाण्याला दाखवून ठेवलं: हा ओढायचा तर फक्त सपाट जागी, आणि सीटवर कुणी नसताना.

बॅटरीचा हिशेब टेकडीवर उलटा असतो. जाताना उतार म्हणून काटा हलत नाही, आणि बॅटरी सगळ्यात कमी असते तेव्हा घरचा चढ समोर येतो. मी दोन तृतीयांशावर काटा आला की परत फिरतो. चढावर काटा खाली पडतो, तो खरा धरू नका, सपाटीवर थांबून वाचा. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर फेरी छोटी असली तरी घरी आल्यावर चार्जिंगला लावा, उतरलेली तशीच ठेवली की तिचं आयुष्य घटतं. लांब चढावर मोटर तापून गाडी बंद पडली तर ब्रेक लागलेला असतो, घाबरू नका. दहा मिनिटं थांबा आणि रीसेटचं बटण दाबा. ते कुठे आहे हे घरी असतानाच शोधून ठेवा.

जून ते सप्टेंबर मी चढाचा रस्ता बदलतो. सावलीतल्या सिमेंटवर शेवाळ धरतं, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि मॅनहोलची लोखंडी झाकणं ओली झाली की चाक सरकतं. हँडलवरच्या बटणांना पिशवी बांधतो. ओल्या गाडीला चार्जर लावत नाही, आधी सॉकेट कोरडं करतो. साचलेल्या पाण्यात तर मुळीच जात नाही. मोटर खाली असते, हे एक कारण. दुसरं म्हणजे पाण्याखाली झाकण आहे की नाही हे कळत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत चालता माणूस उघड्या मॅनहोलमध्ये गेला होता. पाणी दिसलं की मी दुकानाच्या फळीशी थांबतो आणि घरी फोन करतो. बायको म्हणते, ‘अहो, तिथेच बसा, पाणी उतरलं की या.’ एकदा अडीच तास बसलो होतो.