प्रचाराच्या संदेशांचा पूर मी कसा ओसरवला

अमेरिकेचा अध्यक्ष ज्या राज्यवार इलेक्टोरल मतांनी ठरतो, त्यांतल्या आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या 19 मतांची किंमत 2024 च्या ऑक्टोबरात मला फोनच्या थरथरण्यावरून कळू लागली. एका संध्याकाळी वरणाला फोडणी देऊन होईपर्यंत चार संदेश आले आणि त्यांतल्या एकाने तर मला माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारून रात्री बाराच्या आत पंचवीस डॉलर मागितले.

नको असलेले फोन रोखण्यासाठी सरकारने केलेल्या यादीत आमचा क्रमांक होता. परंतु राजकीय प्रचाराला त्या यादीचा नियमच लागू नाही, हे मला उशिरा समजले. मग प्रत्येक संदेशाला 'स्टॉप' असे उत्तर देणे, तरीही न थांबणारे संदेश 7726 या फोन कंपन्यांच्या तक्रार-क्रमांकावर पाठवणे आणि अनोळखी संदेश फोनमध्ये वेगळ्या कप्प्यात टाकणे, असा क्रम मी ठेवला. मतदार नोंदणीच्या अर्जात फोन क्रमांक देणे ऐच्छिक असते. तो मीच उत्साहाने भरला होता, ही चूक माझी.

खरा उतार मात्र मतदानानेच पडला. आमच्या राज्यात 2019 च्या कायद्यामुळे कारण न देता टपालाने मत देता येते आणि कोणाची मतपत्रिका पोहोचली, याच्या याद्या प्रचारवाल्यांना मिळतात. माझी पोहोचल्यावर आठवड्याभरात 'मत दिलेत का?' असे विचारणारे बहुतेक फोन थांबले. देणगी मागणारे थांबले नाहीत. त्यांना माझ्या मताशी कर्तव्य नव्हतेच.