लहान मुलांसोबत हॅलोविन : गोव्यातल्या घरांनी टाळाव्यात अशा चुका

२०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोविन (मुलांनी भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागण्याचा पाश्चात्त्य सण) हे दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले. नरकासुराचे पुतळे पाहण्यासाठी पहाटेपर्यंत जागलेली आमच्या कॉलनीतली मुले अभ्यंगस्नान, कारीट फोडणे आणि फोवांचा (पोह्यांचा) फराळ हे सगळे उरकून त्याच संध्याकाळी भुताचे कपडे चढवून पुन्हा अंगणात उभी केली गेली. सात वाजेपर्यंत त्यांतली तीन मुले रडत होती, एक मुलगी जिन्याच्या पायरीवर बसल्या जागी झोपली होती आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला होता तो माझा चार वर्षांचा पुतण्या "मला घरी जायचंय" याखेरीज काहीच बोलत नव्हता. कार्यक्रमाची आखणी माझीच होती, त्यामुळे दोष इतर कोणाच्या माथी मारण्याची सोय नव्हती.

मागे वळून पाहिल्यावर लक्षात आले की आम्ही मोबाइलवर पाहिलेले चित्र जसेच्या तसे उचलले होते. ते चित्र थंड हवेच्या देशातले, रुंद पदपथ असलेल्या वस्तीतले आणि आठ-दहा वर्षांच्या मुलांचे होते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या अखेरीस घामाच्या धारा लागतात, एखादी उशिराची सर येऊन जाते, रस्त्याला पदपथ नसतो आणि घरातले मूल जेमतेम तीन-चार वर्षांचे असते. बहुतेक चुका या तफावतीतून होतात.

कार्यक्रम उशिरा आणि लांब ठेवणे

गोव्यात ३१ ऑक्टोबरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाच वर्षांखालील मुलांसाठी साडेपाच ते सात एवढा वेळ पुरेसा असतो, कारण थोडा उजेड आणि थोडा अंधार असे दोन्ही त्यात मिळतात. दुपारची झोप झालेली असावी आणि मुलाने घरूनच वरणभात खाऊन निघावे. रिकाम्या पोटी मूल लवकर चिडचिड करू लागते. दिवाळी जवळ असेल त्या वर्षी नरकासुराच्या रात्रीनंतर किमान एक दिवस मोकळा सोडावा. मूल मध्येच कंटाळले तर "अजून पाच मिनिटे" असा आग्रह न करता त्याला घरी नेणे हाच उपाय आहे.

मुलांना दचकवण्यात मजा मानणे

ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती प्रेमळ माणसांकडूनच होते. मुखवट्याआड बाबाच आहेत हे तीन-चार वर्षांच्या मुलाला सांगून कळते, परंतु चेहरा झाकला गेला की ते कळणे टिकत नाही. या वयात खरे आणि खोटे यांच्यातली भिंत पातळ असते. मी स्वतः एकदा लांडग्याचा रबरी मुखवटा घालून स्वयंपाकघराच्या दारामागे उभा राहिलो होतो. पुढचे आठ दिवस पुतण्या त्या दारातून एकटा गेला नाही आणि पाणी हवे असले की आजीचा पदर धरून आत येत असे.

मुखवटा घालायचाच असेल तर तो मुलाच्या डोळ्यांदेखत घालावा आणि काढावा. आधी तो मुलाच्या हातात द्यावा, आतली बाजू दाखवावी, त्याला आरशासमोर उभे राहून घालून पाहू द्यावा आणि मगच आपण घालावा. मूल घाबरलेच तर त्याचा व्हिडिओ काढत उभे राहू नये आणि "एवढ्याला काय घाबरायचं" असेही म्हणू नये. मुखवटा तिथल्या तिथे उतरवावा, दिवा लावावा, खाली बसून त्याच्या उंचीवर यावे आणि त्याची तयारी असेल तरच मुखवट्याला हात लावू द्यावा. तयारी नसेल तर ती वस्तू कपाटात न ठेवता घराबाहेर न्यावी, कारण कपाटात ठेवलेले भूत रात्री बाहेर येते, हा मुलांचा तर्क अगदी पक्का असतो.

या बाबतीत आपल्याकडचा नरकासुर उत्तम गुरू आहे. लाल दिव्यांच्या डोळ्यांचा आणि सुळे बाहेर आलेला तो धिप्पाड राक्षस पाहून अनोळखी मूल किंचाळते. पण ज्या मुलाने आठ दिवस आधीपासून बांबूच्या सांगाड्यात गवत कोंबले, कागदाला खळ लावली आणि हाताच्या बोटांना रंग चढवला, ते मूल त्याच राक्षसाच्या पायाशी निवांत बसून चणे खात असते. ज्याने भूत बनवले त्याला त्याचे भय राहत नाही. हॅलोविनलाही हेच करावे: तयार सजावट विकत आणण्याऐवजी जुन्या मलमलीच्या ओढणीचे भूत, काळ्या कागदाची वटवाघळे आणि भोके पाडलेल्या करवंटीचे डोळे मुलांकडूनच करून घ्यावेत.

गोष्टही तशीच निवडावी. घोंगडी पांघरून, हातात काठी घेऊन रात्री गावाची राखण करणारा आणि वाट चुकलेल्याला घरी पोहोचवणारा देवचार (गावाचा रक्षक आत्मा) गोव्यातल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितला आहे. अंधारात कोणीतरी आपल्या बाजूचे आहे, ही कल्पना लहान मुलाला आवडते. मात्र हा राखणदार अनेक घरांत श्रद्धेचा विषय आहे, म्हणून त्याची गोष्ट सांगावी, त्याचे सोंग काढून हसू नये.

भोपळा आठवडाभर आधी कोरून ठेवणे

हॅलोविनचा चेहरा कोरलेला कंदील ही मूळची भोपळ्याची कल्पना नव्हे. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत असत. तिथली माणसे अमेरिकेत गेल्यावर त्यांना मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला. आपल्याकडचा लाल भोपळा मात्र तितका सोपा नसतो. तो चपटा असतो, साल कडक असते आणि गर जाड असल्यामुळे सुरी अडकते व निसटते. (म्हापशाच्या बाजारात कोकणीतून मागायचा असेल तर "दुदी" म्हणावे, महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या आमच्या एका शेजाऱ्यांनी ते ऐकून दुधी भोपळा समजून वाद घातला होता.)

कापण्याचे काम मोठ्यांनीच करावे, तेही मुले खोलीत नसताना. आदोळीवर (विळीवर) तर हा उद्योग करूच नये. झाकण वरून न कापता तळाशी गोल छिद्र पाडावे, म्हणजे भोपळा दिव्यावर सरळ टोपीसारखा बसवता येतो. चमच्याने आतला गर खरवडून भिंत दोन-तीन सेंटिमीटरवर आणली की डोळे कोरणे सोपे जाते. बिया हाताने ओढून काढणे आणि सालीवर पेनने चेहरा काढणे ही कामे मुलांची. त्यांना त्या बुळबुळीत धाग्यांचे जितके अप्रूप असते तितके तयार कंदिलाचेही नसते.

आपल्या दमट हवेत कोरलेला भोपळा दुसऱ्या दिवशी आतून चिकट होतो, तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो आणि मुंग्या व चिलटे तर पहिल्याच संध्याकाळी येतात. म्हणून तो ३१ तारखेच्या दुपारीच कोरावा आणि आतून व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसून घ्यावा. आधीपासून काही मांडायचे असेल तर अख्ख्या भोपळ्यावर कागदाचे डोळे-दात चिकटपट्टीने लावावेत. तसा भोपळा अनेक दिवस टिकतो आणि नंतर त्याचे घारगे होतात. रंगवलेला भोपळा मात्र खाण्यात घेऊ नये.

मेणबत्ती टाळली, पण बटन सेलकडे दुर्लक्ष केले

लहान मुले वावरणार तिथे उघडी ज्योत नको, हे बहुतेकांना पटते आणि म्हणून बॅटरीवरचे छोटे दिवे आणले जातात. इथे एक धोका पुष्कळांना माहीत नसतो. या दिव्यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर लाळेच्या संपर्कात विद्युतप्रवाह सुरू होऊन तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही गंभीर भाजते. सेल जुना असला तरी धोका संपत नाही. सुमारे २० मिलिमीटर व्यासाचे लिथियम सेल सर्वांत वाईट.

झाकण स्क्रूने बंद होणारेच दिवे घ्यावेत, संध्याकाळी मोजून मांडावेत आणि रात्री मोजून उचलावेत. सेल गिळल्याची शंका जरी आली, किंवा मूल अचानक लाळ गाळू लागले, खोकू लागले वा गिळेनासे झाले, तर वाट पाहू नये. उलटी करवू नये, पाणी किंवा जेवण देऊ नये आणि एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे किंवा १०८ ला फोन करावा. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, त्याला गिळता येत असेल आणि मध हाताशी असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध देता येतो. परंतु मध शोधण्यात वेळ घालवू नये.

पांढऱ्या धुरासाठी कोरडा बर्फ वापरण्याची टूम अलीकडे निघाली आहे. त्याचे तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास असते, स्पर्शाने त्वचा भाजल्यासारखी होते आणि बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो. लहान मुलांच्या घरात तो आणूच नये.

कपडे फोटोसाठी निवडणे

बाजारात मिळणारे पोशाख बहुधा पातळ पॉलिएस्टरचे असतात. मुलाला त्यात उकडते, आणि आग लागली तर ते वितळून अंगाला चिकटते. दिवाळीच्या दिवसांत दारोदारी पणत्या असतात, हे लक्षात घेऊन घोळदार झगे, लांब बाह्या आणि केसांचे टोप टाळावेत. घरातल्या सुती सदऱ्यावर कागदाची हाडे टाचून उत्तम सांगाडा होतो. कडा घोट्याच्या वर असावी. कपड्याने पेट घेतलाच तर मुलाला पळू न देता जमिनीवर लोळवावे, भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा आणि त्यावर हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये.

चेहरा रंगवायचा असल्यास त्वचेसाठीचाच रंग घ्यावा आणि आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा. चित्रकलेचे पोस्टर रंग चेहऱ्यासाठी नसतात. रंग काढताना घासाघीस न करता आधी खोबरेल तेल लावावे.

खाऊची चिंता चुकीच्या दिशेने करणे

अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊत विष असेल, ही अमेरिकेतून आलेली भीती पालकांच्या मनात पक्की बसलेली आहे. तिथले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अनेक दशकांच्या बातम्या तपासल्या, तेव्हा अनोळखी व्यक्तीने हॅलोविनला वाटलेल्या खाऊमुळे मूल दगावल्याचे एकही सिद्ध प्रकरण त्यांना आढळले नाही. खरा धोका खाऊच्या आकारात असतो. अख्खे शेंगदाणे, चणे, कडक गोळ्या, पॉपकॉर्न, जत्रेतले कडक खाजे आणि अख्खी द्राक्षे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. द्राक्षे उभी चिरून चार तुकडे करावीत. धावताना आणि हसताना खाऊ तोंडात नसावा, त्यामुळे पिशवीतला खाऊ घरी बसूनच खायचा, हा नियम निघण्याआधीच सांगावा. फुटलेल्या फुग्यांचे तुकडेही लगेच उचलावेत, कारण ते श्वासनलिकेत घट्ट बसतात.

घास अडकून मुलाला खोकताही येत नसेल तर एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून पाठीवर, खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. उपयोग न झाल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर असा दाब द्यावा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. बाळ वर्षाच्या आतले असेल तर पोट न दाबता, पालथे धरून पाच थापा आणि मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब, असा क्रम ठेवावा. दरम्यान दुसऱ्या कोणीतरी १०८ ला फोन लावावा.

रस्त्यावरून दारोदार फिरणे

अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ या काळातील अपघातांच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात असे दिसले की हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्याचा अपघाती मृत्यू होण्याचा धोका त्याच्या आसपासच्या संध्याकाळांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त असतो. तिथे पदपथ असूनही ही स्थिती असेल, तर भाड्याच्या गाड्या आणि स्कूटर सुसाट जाणाऱ्या आपल्या अरुंद रस्त्यांवर काळ्या कपड्यांतली मुले नेण्याचे समर्थन होऊ शकत नाही. फेरी कॉलनीच्या फाटकाच्या आतच ठेवावी. ज्या घरांची तयारी आहे त्यांनी दारात आकाशकंदील लावावा आणि जिथे कंदील नाही तिथे घंटी वाजवू नये, एवढी खूण पुरते. तीन मुलांमागे एक मोठे माणूस असावे आणि त्याच्या हातात मोबाइलऐवजी टॉर्च असावा.

ओळखीचा कुत्रासुद्धा मुखवट्यातल्या मुलाला ओळखत नाही, म्हणून कुत्रा दिसताच मुखवटा काढायला लावावे. चावा किंवा ओरखडा लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

शेजाऱ्यांचा दिनक्रम विसरणे

१ नोव्हेंबरला सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. गोव्यातली कॅथलिक कुटुंबे या दिवसांत आपल्या माणसांची थडगी साफ करून त्यांवर फुले आणि मेणबत्त्या ठेवतात. पहिल्या वर्षी आम्ही थर्माकोलची थडगी आणि क्रूस करून फाटकापाशी मांडले होते. आमच्या मजल्यावरच्या आंटी काही बोलल्या नाहीत. फक्त सकाळी फुलांची परडी घेऊन स्मशानभूमीकडे जाताना त्या नेहमीचे फाटक सोडून मागच्या बाजूने गेल्या. त्यांच्या यजमानांना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

तेव्हापासून क्रूस, थडगी आणि नन यांची सोंगे आमच्या यादीतून गेली आहेत. उरलेली वटवाघळे आणि कागदी भुते ३१ तारखेच्या रात्री मुले झोपल्यावर आम्ही उतरवतो, दिवे मोजून डब्यात भरतो आणि कोरलेला भोपळा मागच्या माडाच्या आळ्यात टाकतो.