कॉनिक हिल चढताना या चुका टाळा

आमच्या ग्लासगोच्या घरी पुण्याहून कुणी आलं की एक शनिवार लॉख लोमंडसाठी राखलेला असतो (इथे स्कॉटलंडमध्ये सरोवराला ‘लॉख’ म्हणतात). त्यात बालमाहा गावामागची कॉनिक हिल आलीच. जाऊन-येऊन चार किलोमीटरच्या आसपास, रमतगमत अडीच-तीन तास. एवढ्या कमी चालीत एवढं मोठं दृश्य मला तरी दुसरीकडे मिळालेलं नाही. तरी दरवेळी कुणी ना कुणी अर्ध्या वाटेवर हिरमुसून बसलेलं दिसतं, आणि कारणं बहुतेक तीच ती असतात.

उंचीच्या आकड्यावर जाऊ नका

361 मीटर ऐकून सह्याद्रीत भटकलेला माणूस म्हणतो, यात काय आहे! पण लॉखचं पाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम आठ मीटरवर आहे. म्हणजे ती उंची जवळजवळ सगळीच्या सगळी पायांनी चढायची. सिंहगडाच्या चढणीच्या निम्म्याहून थोडी अधिकच म्हणा. सुरुवातीची झाडीतली वाट सोपी वाटते, मग फाटक ओलांडलं की दगडी पायऱ्यांचा खडा चढ लागतो. आईला मी पहिल्यांदा नेलं तेव्हा या सोप्या वाटेवर आम्ही भराभर चाललो आणि पायऱ्यांशी तिचा श्वास पुरेना. आता मी उलट करतो: झाडीत मुद्दाम सावकाश चालायचं, फाटकाशी पाणी प्यायचं, मग पायऱ्या.

गुडघे दुखरे असतील तर हट्ट करू नका. लॉखच्या दक्षिणेला गार्टोखार्न गावाजवळ डनक्राइन नावाची 142 मीटरची टेकडी आहे, तिथले लोक तिला ‘डम्पलिंग’ म्हणतात. अर्ध्या तासात माथा येतो आणि लॉख तिथूनही पोटभर दिसतं.

माथा समजून भलत्याच ठिकाणाहून परतू नका

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती या चुकीची. बालमाहाहून जाणारी रुंद वाट ही मुळात वेस्ट हायलंड वे या 154 किलोमीटरच्या पायवाटेचा तुकडा आहे. ती माथ्यावर जातच नाही, टेकडीच्या उत्तरेकडच्या कुशीतून पुढे ड्रिमेनकडे निघून जाते. माथ्यासाठी उजवीकडे चढणारी फुटवाट धरावी लागते. ती न धरणारे सरळ पुढे जातात, तर काहीजण पहिल्या उंचवट्यालाच माथा समजून फोटो काढून परततात. या धारेवर एकामागे एक उंचवटे आहेत आणि खरा माथा पुढे आहे.

वर पोचलात की आधी पायाखालचा खडक बघा. चिक्कीत शेंगदाणे रुतावेत तसे गोल गोटे त्यात रुतलेले असतात. मग नैर्ऋत्येला पाण्याकडे बघा: इंचकॅलॉख, टॉरिंच, क्रींच, इंचमरिन ही बेटं धारेच्या रेषेतच पुढे ओळीने गेलेली दिसतात. ही हायलंड बाउंडरी फॉल्ट, अ‍ॅरन बेटापासून पूर्व किनाऱ्यावरच्या स्टोनहेवनपर्यंत गेलेली जमिनीतली मोठी भेग. तिच्या एका अंगाला सपाट शेतं, दुसऱ्या अंगाला डोंगर, उत्तरेला 974 मीटरचा बेन लोमंड. दोन वेगळे प्रदेश एकाच नजरेत! हे न बघता खाली आलात तर अर्धी टेकडी राहिलीच.

बेटांचा फोटो हवा असेल तर सकाळी चढा. दुपारनंतर सूर्य त्याच बाजूला येतो आणि पाणी नुसतं पांढरं दिसतं.

कपडे

जीन्स नको, एकदा भिजली की वाळत नाही आणि वाऱ्यात अंग गारठतं. छत्री घरीच ठेवा, धारेवरचा वारा ती उलटी करतो. वारा अडवणारं जाकीट, टोपी आणि चांगल्या खाचांचे बूट हवेत. उतरताना ओल्या पायऱ्यांवरून पाय सटकतो, तेव्हा गुळगुळीत तळव्यांचे पांढरे स्पोर्ट्स शूज कामाचे नाहीत.

धुकं आलं तर

घाबरून धारेवर इकडेतिकडे फिरू नका. आलात त्याच फुटवाटेने खाली रुंद वाटेवर या आणि डावीकडे वळा. तीच बालमाहाला उतरते. उजवीकडे वळलात तर ड्रिमेनच्या दिशेने चालत राहाल. कुणाचा पाय मुरगळला, चालता येईना, तर 999 लावून आधी ‘पोलीस’ मागायचे आणि त्यांना ‘माउंटन रेस्क्यू’ हवं म्हणून सांगायचं. फोनची बॅटरी त्यासाठी शिल्लक ठेवा.

डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी जेवून निघालात तर अंधारात उतरावं लागेल, म्हणून टॉर्च घ्या किंवा सकाळीच निघा. जूनमध्ये मात्र रात्री दहापर्यंत उजेड असतो.

चिलटं आणि गोचीड

उन्हाळ्यात वारा पडला की मिज नावाची बारीक चावरी चिलटं थव्याने येतात. खाली झाडीत डबा उघडून बसू नका, वाऱ्याच्या जागी बसा. उंच नेच्यातून चालल्यावर घरी येऊन पोटऱ्या, गुडघ्यांच्या मागची बाजू, कंबर तपासा. गोचीड चिकटलेली दिसली तर तेल, रॉकेल काही लावू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. नंतर तिथे लाल चट्टा पसरायला लागला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा, कारण इथे तिच्यातून लाइम रोग होतो.

गाडी

उन्हाच्या शनिवार-रविवारी बालमाहाचा कार पार्क सकाळीच भरतो. जागा नाही म्हणून रस्त्याच्या कडेला गाडी लावू नका. रस्ता अरुंद आहे, रुग्णवाहिका अडते. ग्लासगोहून बॅलॉखपर्यंत रेल्वे आणि पुढे बस असंही जाता येतं. फक्त परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते चढायला लागण्याआधी बघा.

कुत्रा बरोबर असेल तर तो दोरीवरच ठेवा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. तेव्हा मेंढ्या विण्याचे दिवस असतात आणि कुत्रा नुसता मागे धावला तरी गाभण मेंढी दगावू शकते. वाटेतली फाटकं उघडी होती तशी उघडी, बंद होती तशी बंद ठेवा.