संस्थेसाठी फुकट वेबसाइट बनवताय? या चुका टाळा

विद्यार्थ्यांनी एखाद्या सेवाभावी संस्थेला वेबसाइट बनवून द्यायची आणि त्यातून शिकायचं, हा उपक्रम मला मनापासून आवडतो. फुकट देतोय म्हणून कसंही चालेल, ही समजूत मात्र डोक्यात जाते. अशा साइटवर फॉर्म भरणारा माणूस बहुतेक वेळा अडलेला असतो. ‘ही माहिती तुम्हाला कशाला हवी?’ असं विचारायची त्याची सोय नसते.

म्हणून सुरुवात फॉर्मपासून. नाव, पत्ता, जन्मतारीख, आजार, उत्पन्न, सगळं विचारून ठेवतात. का, तर ‘पुढेमागे लागेल’. मी प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारतो, याचं कोण, कधी, काय करणार? उत्तर नसेल तर रकाना उडाला. मग कुणीतरी हुशारीने सुचवतं की नावं काढून टाकू, म्हणजे माहिती निनावी झाली. अशी होत नाही ती. माहितीच्या गोपनीयतेवर काम करणाऱ्या संशोधक लतान्या स्वीनी यांनी २००० साली अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिलं, की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी झिप कोड (तिथला पिन कोड) एवढ्यावरून तिथली सुमारे ८७ टक्के माणसं बहुधा एकेकटी वेगळी काढता येतात. वयोगटावर भागत असेल तर जन्मतारीख मागूच नका.

आता माझी सर्वांत नावडती चूक. एका गटाने वैद्यकीय मदतीच्या अर्जांसाठी साइट केली होती. दिसायला देखणी, लॉगिन होतं, माहिती वाटेत कुणी वाचू नये म्हणून एचटीटीपीएस होतं. अर्ज भरला की तो पुन्हा बघण्यासाठी एक लिंक मिळायची आणि तिच्या शेवटी अर्जाचा क्रमांक असायचा. माझ्या चाचणी-अर्जाचा होता ४१. मी पत्त्यात ४२ टाइप केलं. दुसऱ्याच माणसाचा अर्ज उघडला, तपासणीच्या रिपोर्टसकट. साइट तेव्हा चालू झालेली होती.

गटाचं म्हणणं, ‘पण सर, असं कोण करून बघतं?’ अरे, आत्ता तुमच्यासमोरच केलं की!

ती साइट त्याच क्षणी बंद करायला लावली. संध्याकाळपर्यंत त्यांनी ‘दुरुस्ती’ आणली: ४१ च्या जागी लांबलचक, अंदाज न येणारा क्रमांक. नुसता आडोसा. लिंक कुणी पुढे पाठवली की संपलं. लॉगिनमुळे एवढंच कळतं की समोरचा कोण आहे. मागितलेला अर्ज त्याचा आहे का, हे प्रत्येक विनंतीला सर्व्हरवरच तपासावं लागतं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टने बटण लपवून भागत नाही. ओवास्प ही वेब-सुरक्षेवर काम करणारी संस्था, तिच्या सर्वांत गंभीर धोक्यांच्या २०२१ च्या यादीत हा प्रकार, म्हणजे प्रवेश-नियंत्रणातल्या त्रुटी, पहिल्या क्रमांकावर आहे. माझी सवय साधी आहे: दोन खाती काढायची, दोन ब्राउझर उघडायचे आणि एकाच्या लिंक दुसऱ्यात चिकटवत बसायचं. कंटाळवाणं काम आहे, पण ते झाल्याशिवाय मी साइट चालू करू देत नाही.

दुसरी चूक गिटवरची. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारी प्रणाली. तिथे डेटाबेसचा पासवर्ड चढवला आणि मग फाइल डिलीट केली, तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी जतन केलेल्या नोंदीत, तो तसाच राहतो. रिपॉझिटरी, म्हणजे कोडचा तो साठा, सार्वजनिक असेल तर असे पासवर्ड आपोआप शोधणारे बॉट टपलेलेच असतात. आधी पासवर्ड बदला, इतिहासाची साफसफाई नंतर.

बाकीचं थोडक्यात. लोकांचे पासवर्ड जसेच्या तसे किंवा एमडी५ या जुन्या, कमकुवत पद्धतीने साठवू नका. खास पासवर्डसाठीच्या बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ या पद्धती तयार आहेत, स्वतःची युक्ती लढवू नका. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही सर्च इंजिनांना सूचना देणारी, कुणालाही वाचता येणारी फाइल; तिच्यात गुप्त पानांची नावं लिहिणं म्हणजे ती जगाला सांगणं. मोबाइलच्या फोटोंत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात, साइटवर टाकण्याआधी ते काढा. चाचणीसाठी खऱ्या लाभार्थ्यांची यादी वापरू नका, खोटी नावं बनवायला कितीसा वेळ लागतो? आणि भेटी मोजायला दुसऱ्या कंपनीचा ट्रॅकर लावण्याआधी संस्थेला विचारा, तो आकडा कुणी बघणार आहे का.

शेवटी हस्तांतर, ज्याचा घाईत सगळ्यांना विसर पडतो. डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव, विद्यार्थ्याच्या खासगी ईमेलवर असतं, तो शिकून निघून जातो, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याकडे जात राहतात आणि एक दिवस साइट गायब. डोमेन आणि होस्टिंग पहिल्या दिवसापासून संस्थेच्या खात्यावर हवं. लॅपटॉपवरच्या डेटाबेसच्या प्रती मी माझ्यासमोर पुसायला लावतो. गुण त्यानंतर.