मुलाच्या कानामागे सूज? या चुका टाळा

सर्दीनंतर कान ठणकतो, फुटतो, पू येतो आणि ताप उतरतो. बहुतेक मुलं इथून औषधाने बरी होतात. घोळ होतो तो ताप पुन्हा चढून कानामागे सूज आली की.

ही सूज साधी गाठ समजून शेकत बसणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मधल्या कानातला पू कानामागच्या पोकळ हाडात, म्हणजे मास्टॉइडमध्ये शिरलेला असू शकतो. त्वचा लाल होते, दाबलं की मूल कळवळतं, कानामागची घडी बुजते आणि कान पुढे-खाली ढकलला जातो. मुलाला समोर बसवून दोन्ही कान ताडून पाहा. त्या हाडापलीकडे मेंदूचं आवरण आणि एक मोठी रक्तवाहिनी असते, त्यामुळे सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. मुंबईत केईएम, सायन, नायर या रुग्णालयांचे अपघात विभाग रात्रीही उघडे असतात. उलट्या, ताठ मान, गुंगी, झटके किंवा तोंड वाकडं झालं, तर लगेच निघा.

कानात लसणाचं तेल नकोच. पडदा फाटलेला असताना केमिस्टकडून आणलेले जेंटामायसिनचे थेंबही नकोत. आतल्या कानाला इजा होऊन ऐकू येणं कमी होऊ शकतं. वर्षानुवर्षं वाहणारा, घाण वासाचा कान एकाएकी सुकून डोकं दुखू लागलं, तर तो बरा झालेला नाही. पू आत तुंबला असू शकतो.

रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं. गरज पडल्यास भूल देऊन पडद्याला बारीक छेद देतात आणि पू तपासणीला पाठवतात. साधारण 24 ते 48 तासांत उतार नसेल किंवा सीटी स्कॅनमध्ये गळू दिसलं, तर मास्टॉइडचं ऑपरेशन लागतं. ‘इंजेक्शनंच वाढवा, ऑपरेशन नको’ असा आग्रह पालक धरतात, पण साचलेल्या गळवात औषध नीट पोहोचत नाही. त्याचा निचरा करावाच लागतो.

घरी सोडल्यावर ताप नाही म्हणून औषध मध्येच बंद करू नका. अमॉक्सिक्लॅव्ह या अँटिबायोटिकचं ड्राय सिरप असेल, तर बाटलीत खुणेपर्यंत उकळून गार केलेलं पाणी घालून मिसळा आणि फ्रीजमध्ये ठेवा. ते साधारण 7 दिवसच टिकतं, त्यामुळे 10 दिवसांचा कोर्स असेल तर दुसरी बाटली आधीच आणा. दर वेळी हलवा आणि चमच्याऐवजी सिरिंजने मोजून द्या.

कान कोरडा झाल्यावर ऐकण्याची तपासणी मात्र बरेच जण टाळतात. संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊन मेंदूज्वर झाला असेल, तर ती काही आठवड्यांच्या आत करून घ्या.